पाचवी वही

१

वही डब्यात होती, डबा कपाटात होता, कपाटाला कुलूप होतं आणि कुलपाच्या दोन्ही किल्ल्या आपापल्या मालकांच्या खिशात होत्या. एवढा चोख बंदोबस्त असूनही कागदतज्ज्ञाने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि सांगितलं, "ही वही एकसष्ट वर्षांची नाही. कागद यंदाचा आहे."

संकलनाच्या त्या खोलीत पाच खुर्च्या होत्या आणि माणसं सहा. उभं राहायची पाळी आली होती नोंदबाईवर. मागच्या शॉटमध्ये नटाच्या सदऱ्याचं कितवं बटण उघडं होतं, पेल्यात पाणी कुठवर होतं, कंदील कुठल्या हातात होता, हे सगळं टिपून ठेवायचं तिचं काम. सत्तावीस वर्षं हे काम करून तिचं मूळ नाव फक्त हजेरीपटावर उरलं होतं. तिच्या नजरेतून काही सुटत नाही असं लोक म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर तिलाही तसंच वाटायचं.

चित्रपट एका रेल्वे अपघातावर होता. एकसष्ट वर्षांपूर्वी भरलेल्या नदीवरचा पूल खचला, संध्याकाळची मेलगाडी पाण्यात गेली आणि एकशे सात माणसं बुडाली. ठपका आला पुलाच्या पहारेकऱ्यावर. चौकशीत वाचलेल्या एका प्रवाशाने साक्ष दिली की त्या माणसाच्या ओठांवर दारूचे जांभळट डाग होते. झालं. तीन वर्षांनी त्या अपघातावर काळापांढरा चित्रपट निघाला आणि त्यात पहारेकरी बाटली उशाला घेऊन घोरताना दिसला. चौकशीचा अहवाल कुणी वाचला नाही, पण तो घोरणारा माणूस घरोघर पोचला. अपघात म्हटलं की लोकांना नदी आठवायची नाही, बाटली आठवायची.

नवा चित्रपट उलटं सांगणार होता. पहारेकऱ्याच्या मुलीकडे, म्हणजे टेबलाशी पदर आवरून बसलेल्या सत्तरीच्या मावशींकडे, बापाची गस्तीची वही निघाली होती. अपघाताच्या दोन दिवस आधीची नोंद त्यात होती: तिसऱ्या खांबाशी पाणी घुमतंय, खांब बोटभर खचलाय, गाडी पुलावर सोडू नये. खाली इंजिनियरची सही होती. शेवटची नोंद त्या संध्याकाळची होती: लाल कंदील घेऊन निघालो.

"मी सरळ बोलतो," वकील म्हणाले. नाकावर माशी बसू देणारा माणूस नव्हता तो. "वही खरी नसेल तर इंजिनियरचं नाव घेता येणार नाही. पहारेकरी जागा होता असंही म्हणता येणार नाही. पाच वाजता चित्रपट इथून प्रदर्शनासाठी जातो. जुनाच शेवट लावा."

मावशींनी वही स्वतःकडे ओढली, दोन पानं उलटली आणि मिटली.

"ही आमची वही नाही," त्या म्हणाल्या.

वकिलांनी त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं. "मावशी, तुमची म्हणून वेगळी अशी वही कधी होती का?"

२

नोंदबाईला बोलायचं काही कारण नव्हतं. वहीशी तिचा संबंध पडद्यावर दिसण्यापुरताच. पण मावशींचा चेहरा तिला बघवेना. बापाला दारुडा ठरवून झालं होतं, आता मुलीला लबाड ठरवायचं चाललं होतं.

"मला पाच वाजेपर्यंत वेळ द्या," ती म्हणाली. "वही बदललीय. कुणी बदलली ते शोधते."

"शोधा," वकील म्हणाले. "दहा वाजलेत."

ती आधी गाठायला गेली त्या सहाव्या माणसाला. तो होता इंजिनियरचा नातू. चाळिशीचा, नीटनेटका, खांद्याला कातडी पिशवी. आजोबांचं नाव चित्रपटातून काढा म्हणून तो महिनाभर खेटे घालत होता, आणि काल दुपारी त्याला वही बघायला मिळाली होती. वकील फोन घ्यायला बाहेर गेले तेव्हा दहा मिनिटं तो वहीपाशी एकटाच होता. नोंदबाईने त्याला व्हरांड्यात धरलं.

"पिशवीत काय होतं काल?"

"विचारणार हे ठाऊक होतं." त्याने पिशवी उघडून दाखवली. आत जुनी पत्रं होती, दोरीने बांधलेली. "आजोबांची पत्रं. सही ताडून बघायला आणली होती. ती जुळली नाही. वहीतल्या सहीचा शेवट वर वळलेला, आजोबा नेहमी खाली ओढायचे. म्हणून तर मीच म्हटलं, तज्ज्ञ बोलवा."

"म्हणजे काल तुम्ही बघितली तेव्हाच ती खोटी होती."

"मी बघितली ती खोटीच होती. खरी कुठली असेल तर मी तिला हातही लावलेला नाही." त्याने पिशवी बंद केली. "बाई, महिनाभर मला झोप नव्हती. काल रात्री लागली. आता तुम्ही पुन्हा ती घालवणार असं दिसतंय."

माणूस खोटं बोलत असेल तर फार सफाईने बोलत होता. नोंदबाईने मनात त्याच्या नावापुढे प्रश्नचिन्ह ठेवलं आणि ती दिग्दर्शकाकडे वळली.

दिग्दर्शक संकलनाच्या टेबलाशी बिस्किटं खात होता. एवढा प्रसंग गळ्याशी आलेला असताना माणसाला बिस्किटं जातात कशी, हे तिला कळेना. कपाटाची एक किल्ली वकिलांकडे होती आणि दुसरी याच्याकडे.

"तुम्हाला काळजी नाही वाटत?"

"वाटते ना. काळजी वाटली की मी खातो." त्याने डबा पुढे केला. "हे बघ, वही चोरीला गेली असं छापून आलं तर चित्रपटाला गर्दीच होईल. तुझ्या मनात तेच आहे, माहितीय मला. पण वही गेली तर माझा शेवट जातो. दीड वर्ष मी त्या शेवटासाठी घालवलंय."

पडद्यावर गोठलेलं चित्र होतं: पहारेकरी झालेला नट, पेन्सिल जिभेला लावताना.

"हा शॉट काढून टाकलाय ना?"

"कधीच. मावशींनी त्याला शिकवलं, बाबा पेन्सिल जिभेला लावून लिहायचे म्हणून. मला घाणेरडं दिसलं ते." त्याने बटण दाबलं आणि चित्र गेलं. "पण बाई, एक गोष्ट विचारू? परवा पॅकअप झाल्यावर डब्यातली वही तपासून पोचपावतीवर सही कुणी केली?"

सही नोंदबाईनेच केली होती.

३

परवा फक्त हातांचे शॉट होते. दिग्दर्शकाला खरी वही खऱ्या कंदिलाच्या उजेडात हवी होती. मावशींनी डबा आणून दिला आणि सेटवर उकाडा सोसेना म्हणून त्या घरी गेल्या. संध्याकाळी नोंदबाईने डबा बंद केला आणि वकिलांच्या देखत कपाटात ठेवला. म्हणजे बोट दाखवायचंच तर पहिलं तिच्याकडेच दाखवायला हवं होतं.

मावशी मागच्या जिन्यात बसल्या होत्या. नोंदबाई त्यांच्या शेजारी पायरीवर टेकली.

"त्या म्हाताऱ्या वकिलाचं मला काही नाही," मावशी म्हणाल्या. "त्याचं कामच ते. मी बारा वर्षांची होते, पोरी, तो जुना सिनेमा आला तेव्हा. शाळेने दाखवायला नेला होता. अख्ख्या वर्गाने वळून माझ्याकडे बघितलं. बाबा त्यानंतर अकरा वर्षं जगले, पण त्या पुलाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत."

"वही तेव्हाच का नाही दाखवली?"

"त्यांना ठाऊक कुठे होतं, ती आहे म्हणून? कंदील घेऊन धावत सुटले तेव्हा वही आईकडे फेकून गेले. वाऱ्याने कंदील विझला, गाडी आली. दुसऱ्या दिवशी आईला कुणीतरी सांगितलं, त्याने जे काही लिहिलंय त्यावरून त्याला आत टाकतील. आईला वाचता येत नव्हतं. तिने वही मेणकापडात गुंडाळली, डब्यात घातली आणि जन्मभर मूग गिळून बसली. बाबांना सांगितलं, वही पुरात गेली." मावशींनी डोळे पुसले नाहीत, नुसत्या समोर बघत राहिल्या. "वाचवायला म्हणून लपवली आणि वाचवणारीच वस्तू ती होती. तिचा तरी काय दोष."

नोंदबाईने कामाचं विचारलं.

"मावशी, दोन पानांत तुम्ही कसं ओळखलंत, वही तुमची नाही ते?"

"त्यात काय ओळखायचंय? ती पिवळी आहे. जुनाट, डागाळलेली." मावशींना प्रश्नाचंच नवल वाटलं. "आमची वही पांढरी आहे. मेणकापडात ऊन नाही, वारा नाही, पाणी नाही. काल विकत आणल्यासारखी दिसते."

नोंदबाई ताडकन उठली.

४

तिच्या टेबलावर परवाचे फोटो दिवसाच्या क्रमाने लावलेले होते. प्रत्येक शॉटनंतर एक, पॅकअपनंतर एक. तिने सहीच्या पानाचे दोन काढले आणि नातवाला, दिग्दर्शकाला, वकिलांना, सगळ्यांना बोलावून दिव्याखाली धरले.

"हा साडेअकराचा. शॉट चालू असताना नटाच्या कपाळावरचा घामाचा थेंब पानावर पडला. मी टिपकागद लावला. तरी एका अक्षरावर मसुरीएवढा जांभळा डाग राहिला. माझ्या वहीत नोंद आहे, पुढच्या शॉटला डाग तसाच हवा म्हणून. आता हा बघा, संध्याकाळी सहाचा. तेच पान, डबा कपाटात ठेवण्याआधी."

वकिलांनी फोटो नाकाजवळ नेला. "डाग नाही."

"डाग नाही. म्हणजे वही परवाच बदलली, साडेअकरा ते सहाच्या मध्ये, सेटवर. हे साहेब काल आले. त्यांचा संबंध नाही. कपाट आणि किल्ल्यासुद्धा सुटल्या, कारण कपाटात गेली तेव्हाच वही खोटी होती." तिने स्वतःकडे बोट केलं. "आणि ती मी माझ्या हाताने ठेवली. डाग बघायला हवा होता, नाही बघितला. दिवसभर कंदिलाच्या उजेडात पांढरं पानही पिवळंच दिसत होतं; संध्याकाळी पान पिवळं दिसलं, जुनं दिसलं, म्हटलं हीच खरी. सत्तावीस वर्षं सेटवर काढल्यावर डोळ्याला तीच सवय लागते. जुनं दिसतं ते खरं."

"चोर कोण मग?" दिग्दर्शकाने विचारलं.

"चोर नाहीच. माझ्यासारखी चूक आणखी एकाने केली." ती दिग्दर्शकाकडे वळली. "नकला किती केल्या होत्या आपण?"

"चार. चहाकाकांनी केल्या."

चहाकाका म्हणजे सेटवरच्या सगळ्या सामानाचे मालक. नवी वस्तू जुनी करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. कागद असो, कापड असो, ते चहाच्या उकळत्या पाण्यात बुडवून चार पिढ्यांचं करून देत. स्वतः मात्र चहाचा थेंब घेत नसत.

"तीन रंगवलेल्या, एक न रंगवता राखीव ठेवलेली," नोंदबाई म्हणाली. "काकांनी त्या फोटोंवरून केल्या, आणि फोटो पिवळ्या दिव्याखाली काढलेले होते. त्यांनी खरी वही कधी बघितलीच नाही. परवा ते फक्त पॅकअपला आले. टेबलावर एक पिवळी वही आणि एक पांढरी. पिवळी डब्यात घातली, पांढरी टोपलीत टाकली. टोपलीत नग किती?"

"चार," दिग्दर्शक हळूच म्हणाला.

"चारच. मोजणी बरोबर, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. फक्त दोन पिवळ्या आणि दोन पांढऱ्या. काकांना काय वाटेल? एक रंगवायची राहून गेली."

तिने गोदामाला फोन लावला. वाजत राहिला. काकांना कमी ऐकू यायचं आणि फोन ते खणात ठेवत. भिंतीवर सामानाचा आठवड्याचा तक्ता होता. दिग्दर्शकाने आजच्या तारखेवर बोट ठेवलं आणि त्याचं बिस्किट तसंच हातात राहिलं. शाळेच्या मालिकेसाठी जुन्या वह्या चार, असं तिथे काकांच्या अक्षरात लिहिलं होतं, आणि कंसात: दोन रंगवायच्या, दुपारी बारा.

घड्याळात पावणेबारा झाले होते.

५

गाडी होती फक्त नातवाची. क्षणभर सगळेच त्याच्याकडे बघत राहिले. ती वही चहात गेली तर सुटका त्याचीच होती, आणि हे त्यालाही कळत होतं.

"बसा," तो म्हणाला आणि पुढे होऊन मावशींसाठी दार उघडलं.

मावशी त्याच्या शेजारी बसल्या होत्या, रिकामा डबा मांडीवर घेऊन. एका चौकात सिग्नल लाल झाला तेव्हा त्याने चाक इतकं घट्ट धरलं की नोंदबाईला मागून त्याची बोटं पांढरी दिसली. तिने त्याच्या नावापुढचं प्रश्नचिन्ह तिथल्या तिथे पुसून टाकलं.

गोदामात शिरताच चहाचा वास आला. एका बाजूला खोट्या खुर्च्या, खोटे कंदील, पुठ्ठ्याचे दगड. मधोमध शेगडीवर मोठं पातेलं उकळत होतं. वर दोरी ताणलेली होती, आणि दोरीवर चिमट्यांनी लावलेली एक वही ठिबकत होती. तपकिरी.

मावशींच्या हातातला डबा खाली पडला.

नोंदबाई मात्र दोरीपाशी गेली. ओलं पान तिने उलटलं, दुसरं उलटलं, उजेडाकडे धरलं. पाणी सगळीकडे झिरपलं होतं, तरी अक्षरं काळीच होती.

"ही नाही," ती म्हणाली. "घामाच्या एका थेंबाने अक्षर जांभळं झालं होतं. ही पूर्ण भिजलीय आणि जांभळा ठिपका नाही. ही काकांची राखीव नक्कल."

"मग दुसरी?"

पडद्यामागून चहाकाका आले. एका हातात चिमटा आणि चिमट्यात वही, पांढरीशुभ्र. पाहुणे बघून त्यांना आनंद झाला.

"या, या. एवढी एक बुडवतो आणि येतोच," असं म्हणत ते पातेल्याकडे वळले.

नोंदबाई ओरडली, पण काकांना ऐकू जायला हवं ना. सगळ्यांत जवळ नातू होता. त्याने दोन ढांगांत पातेलं गाठलं आणि चिमट्याखाली सरळ आपला हात धरला. वाफेने मनगट पोळलं, पण वही त्याच्या तळहातावर पडली. पातेल्यात काही पडलं नाही, आणि पाच जणांचा जीव मात्र भांड्यात पडला.

६

वही मावशींच्या मांडीवर उघडली. सहीच्या पानावर एका अक्षराला मसुरीएवढा जांभळा डाग होता. वकिलांनी तो फोटोशी ताडून बघितला, दोनदा.

"डाग कशाचा?" त्यांनी विचारलं.

"कॉपिंग पेन्सिलीचा," चहाकाका म्हणाले. काय चाललंय ते त्यांना आता कुणीतरी कानाशी जाऊन सांगितलं होतं आणि त्यांची पाचावर धारण बसली होती. "पूर्वी कचेऱ्यांत वापरायचे. कोरडी असते तोवर साध्या पेन्सिलीसारखी दिसते, ओली झाली की जांभळी होते, मग पुसता येत नाही. लोक जिभेला लावूनच लिहायचे. ताई, ही चहात गेली असती तर..." मावशींनीच त्यांना स्टूल ओढून दिलं.

नोंदबाईने पानावरचा ठिपका पुन्हा बघितला. ओठांवरचे जांभळट डाग, जिभेला लावलेली पेन्सिल आणि हा ठिपका, तीन वेगवेगळ्या शॉटमधल्या वस्तू तिच्या डोक्यात एका रेषेत आल्या.

"वकीलसाहेब, चौकशीतली ती साक्ष आठवते? दारूचे डाग, जांभळट."

वकिलांनी मान वर केली.

"शेवटचं पान बघा. त्या संध्याकाळी त्यांनी दर दहा मिनिटांनी पाण्याची पातळी लिहिलीय. सव्वीस नोंदी. म्हणजे किमान सव्वीस वेळा पेन्सिल जिभेला लागली. तो प्रवासी खोटं बोलला नाही. ओठ जांभळेच होते. पण वही पुरात गेली असं समजलेले, मग पेन्सिलीचं कोण विचारणार? डाग दिसला आणि लोकांनी बाटली जोडून टाकली. जुन्या सिनेमाने ती दाखवली, एवढंच."

मावशींनी बोट जिभेला लावलं आणि शेवटच्या नोंदीखालच्या बापाने ओढलेल्या रेघेच्या टोकावर हलकेच टेकवलं. रेघ जांभळी झाली. बोटही झालं.

"हाच रंग," त्या म्हणाल्या. "घरी आले की आई म्हणायची, आधी तोंड धुवा. मी लहान होते. मला वाटायचं, सगळ्यांच्याच बाबांची जीभ अशी असते." आणि मग, इतक्या वर्षांनी, त्या मोकळेपणाने रडल्या. नोंदबाईही रडली आणि तिने ते लपवलं नाही.

नातवाने पिशवीतून एक पत्र काढलं. पोळलेल्या हाताने त्याला दोरी सुटेना, दिग्दर्शकाने सोडून दिली. त्याने पत्र वहीशेजारी ठेवलं. सहीचा शेवट दोन्हीकडे खाली ओढलेला होता.

"आजोबांचीच आहे," तो म्हणाला. "त्यांनी वाचलं होतं आणि गाडी सोडू दिली." मग म्हणाला, "महिनाभर मी याच गोष्टीला भीत होतो. आता भ्यायचं काही उरलं नाही. नाव राहू द्या."

मावशींनी त्याचा हात बघितला आणि काकांना थंड पाणी आणायला सांगितलं.

साडेचार वाजता सगळे पुन्हा संकलनाच्या खोलीत होते. खुर्च्या पाचच होत्या, चहाकाका धरून माणसं सात. दिग्दर्शकाने काढून टाकलेला शॉट शोधून परत लावला आणि नटाच्या ओठांना जांभळी छटा दिली. घाणेरडं दिसण्याबद्दल तो या वेळी काही बोलला नाही. कागदतज्ज्ञाने वही तपासून मान डोलावली आणि वकिलांनी कागदांवर सही केली.

दिवे मालवले. पडद्यावर पहारेकरी कंदिलाच्या उजेडात उकिडवा बसला होता, टक्क जागा. त्याने पेन्सिल जिभेला लावली, ओठ जांभळे झाले, एक ओळ लिहिली, वही दाराकडे फेकली आणि कंदील उचलून धावत सुटला.

नोंदबाईने मावशींपुढे रुमाल धरला, बोट पुसायला. मावशींनी मान हलवली आणि बोट तसंच राहू दिलं.

"अजून एकदा लावता का?" त्यांनी दिग्दर्शकाला विचारलं. "पाचला वेळ आहे अजून."

त्याने अजून एकदा लावलं.